टपावरची सायकल

रविवारी पहाटे चांदणी चौकातून मुळशीच्या दिशेने निघालात, की टपावर सायकली लावलेल्या गाड्या हमखास दिसतात. दोन-तीन सायकली वर ऐटीत उभ्या, खाली ऐसपैस गाडी. बघायला छान वाटतं. पण मला हल्ली पहिला प्रश्न पडतो तो हा, की ह्या वर चढवल्या कोणी? आणि उतरवणार कोण?

उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. घरातल्या सगळ्यात उंच माणसाने!

आमची गाडी उंच आहे. जमिनीपासून टप जवळजवळ १.८ मीटर. घेताना मुख्य विचार होता सासूबाईंच्या गुडघ्यांचा. बुटक्या गाडीत वाकून बसायचं आणि उतरताना कोणीतरी हात धरून ओढायचं, यातून त्यांची सुटका झाली. आता त्या खुर्चीत बसावं तशा बसतात. फक्त माझी उंची पडली पाच फूट एक इंच. म्हणजे टप माझ्या डोक्याच्याही वीतभर वर, त्यावर कॅरिअर, आणि हातात १४ किलोची सायकल. एकीच्या गुडघ्यांना सोयीची गाडी दुसरीच्या खांद्यांना गैरसोयीची, असा हा संसारी मामला आहे.

गंमत म्हणजे हिशोब केला तर हे काम अगदी किरकोळ. १४ किलो १.८ मीटर उचलायला साधारण २५० ज्यूल ऊर्जा लागते. एका शेंगदाण्यात याच्या कितीतरी पट असते! अडचण ऊर्जेची नाहीच, तरफेची आहे. तेच वजन पोटाशी धरलं तर काही वाटत नाही. हात लांब करून, डोक्यावर, गरकन वळणारं हँडल सांभाळत चाक अरुंद पन्हळीत बसवायचं म्हटलं, की खांदे आणि कंबर लगेच हिशोब मागतात.

टूर द फ्रान्समध्ये मेकॅनिक गाडीतून उडी मारून क्षणार्धात टपावरची सायकल काढून देतो, ते बघून आपल्याला सगळं सोपं वाटतं. पण त्या गाड्या बुटक्या असतात, आणि शर्यतीच्या सायकलीला नियमाने किमान ६.८ किलो वजन पुरतं. माझ्या सायकलीच्या निम्म्याहून कमी!

त्यापेक्षा आपली एसटी आठवा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे कित्येक वर्षं लाल गाड्यांच्या टपावर ट्रंका, पाट्या, पोती आणि हो, सायकलीसुद्धा जायच्या. तो टप आमच्या गाडीपेक्षा कितीतरी उंच. पण मागे शिडी असायची. एकजण वर चढायचा, दुसरा खालून द्यायचा. उंचीचा विचार गाडी बांधणाऱ्यानेच केलेला होता. आपण उंच गाड्या घेतल्या, शिडी मात्र एसटीबरोबरच राहिली.

बाकी पथ्यं सगळ्यांना ठाऊक असतातच. टपाची भारमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि कॅरिअरचं वजन त्यातच धरायचं. सायकलीसकट उंची तीन मीटरच्या घरात जाते, आणि मॉलच्या तळघराचा दांडा असतो दोन-सव्वादोन मीटरवर. म्हणून ‘वर सायकल आहे’ अशी चिठ्ठी स्टिअरिंगसमोर लावावी. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, तेव्हा हायवेवर सबुरी. मागच्या दाराला लावायचं कॅरिअर उंचीला सोयीचं खरं, पण त्यात नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात.

पण मला सलतं ते वेगळंच. लहानपणी वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून मी शिकले. कुठे जायचं, कधी यायचं, हे कोणालाही न विचारता ठरवता येतं, हे मला पहिल्यांदा त्या सायकलीने शिकवलं. आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर स्वतःची सायकल, स्वतःचं लायसन्स असून नवऱ्याला विचारायचं, “तू किती वाजता मोकळा आहेस?” तो बिचारा कधी नाही म्हणत नाही. पण विचारावं लागतं, यातच सगळं आलं ना?

म्हणून आमच्याकडे आता दोन पद्धती आहेत. सगळे मिळून निघालो तर सायकली टपावर. तो पुढचं चाक धरतो, मी मागचं. मी एकटी निघाले तर मागची सीट पाडायची, सायकलीची दोन्ही चाकं काढायची, जुनी चादर अंथरायची आणि सायकल आत आडवी. दहा मिनिटं जातात, हात काळे होतात, गाडीत चेनच्या तेलाचा वास राहतो. पण पानशेतला जायचं की नाही, हे माझं मी ठरवते. सासूबाईंना यावंसं वाटलं तर पुढची सीट रिकामी असतेच.

उंच गाडीसाठी कॅरिअर घेणार असाल तर एवढंच करा. दुकानातल्या उंचापुऱ्या मुलाने सायकल झटकन चढवून दाखवली म्हणून भुलू नका. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला घेऊन जा आणि त्याच्या हातून एकदा चढवून, उतरवून बघा. त्याला जमलं तर ती सायकल खरोखर त्याची. नाहीतर ती फक्त त्याच्या नावावर.