मिरची गेली

गेल्या महिन्यात आमच्या लेकीच्या घरी एक मृत्यू झाला. नातेवाइकांनी घाबरू नये. गेली ती मिरची, माझ्या नातवाची पाळलेली पाल. चांगली पंधरा वर्षांची होती.

पाल? आणि पाळलेली? मीही असंच म्हणाले होते. पाल दिसली की केरसुणी शोधणारी माणसं आपण! पण न्यू जर्सीला गेले तेव्हा पाहिलं, ही आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी नव्हे. हिला लेपर्ड गेको म्हणतात. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, डोळ्यांना चक्क पापण्या, आणि चरबी साठवणारी जाडजूड शेपटी. मूळ अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारताकडचं. हिच्याच कुळातली एक जात आपल्या सातपुड्यातही आहे, तिची नोंद २०१४ साली झाली.

लेकीने घर बदललं आणि आठच दिवसांत मिरची सकाळी निपचित सापडली. आदल्या रात्री तर किडे खाल्ले होते. नातवाचा फोन आला, "आजी, घर बदललं म्हणून गेली का गं ती?"

काय सांगणार? नवी जागा, आवाज, सारखं हाताळणं यांचा या जिवांना ताण येतो, हे खरंच आहे. ताण फार दिवस राहिला की भूक मंदावते, रोगाशी झगडायची ताकद कमी होते. अंगाला ऊब बाहेरून घ्यावी लागते. ती कमी पडली तर खाल्लेलं पचतही नाही. पण धडधाकट पाल यातून सहसा सावरते. पाळलेल्या पाली पंधरा-वीस वर्षं जगतात, म्हणजे मिरची म्हातारीच. आतून यकृत, मूत्रपिंड कधीपासून थकलं असेल, ते शवविच्छेदनाशिवाय कोण सांगणार? आणि रानातल्या लहान जिवाला दुखणं दाखवणं परवडत नाही. अशक्त दिसला की कुणीतरी उचललाच! पिंजऱ्यात जन्मलेल्यांचीही ती सवय जात नाही. म्हणून म्हाताऱ्या पालीचं वजन अधूनमधून करावं, शेपटी बारीक होतेय का ते पाहावं. ती तोंडाने काही सांगत नाही, शेपटी सांगते.

मी त्याला एवढंच म्हटलं, "बाळा, ती अचानक गेली नसेल. आपल्याला अचानक कळलं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "आजी, तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग."

'बरा आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते हो. पण गिळले. जिना चढताना हल्ली मध्ये दोनदा बसावं लागतं, ते सांगितलं. आता पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. नातू त्या दिवशी फोन करणार आहे, तेव्हा चुकवायची सोय नाही.