कोणाकडे जायचंय?

दिवाळीला आठवडा होता. मीरा रोडहून पकडलेल्या चर्चगेट लोकलमध्ये एका पायावर उभा होतो, तेवढ्यात आईचा फोन. "अरे, मावशीने चकलीसाठी आपली लिंक उघडली, तर तिला सोसायटीची थकबाकी दिसतेय."

मागोमाग मावशीचा स्क्रीनशॉट आला. वर पत्ता आईच्या फराळाच्या साइटचा, खाली आमच्या बिल्डिंगची मेंटेनन्सची यादी. पहिलंच नाव तळमजल्यावरच्या काकांचं. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातलं त्यांचं काम सुटलं होतं, हे मला माहीत होतं. आता मावशीच्या अख्ख्या ग्रुपला माहीत झालं होतं की त्यांनी सात महिने मेंटेनन्स भरलेला नाही.

दोन्ही साइट माझ्याच, एकाच भाड्याच्या सर्व्हरवर. एक आयपी, अनेक नावं. तुम्ही शांतीनगरात कधी पार्सल घेऊन गेला असाल तर हे लगेच कळेल. ३०२ नंबरचा फ्लॅट प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो, म्हणून वॉचमन विचारतो, "कोणाकडे जायचंय?" ब्राउझर हेच उत्तर 'होस्ट' नावाच्या हेडरमध्ये देतो. १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून ते सक्तीचं आहे. एंजिनएक्स ते नाव आपल्या यादीशी ताडून पाहतो. जुळलं नाही तर परत पाठवत नाही. त्या पोर्टवरच्या पहिल्या ब्लॉककडे सोडून मोकळा होतो. माझ्या फायली अक्षरक्रमाने लोड व्हायच्या. 'अकाउंट्स' आधी, 'फराळ' नंतर.

पण नाव जुळलं का नाही? टायपो शोधण्यात दादर आलं.

आईला इंग्रजी पत्ता नको होता, म्हणून मी हौसेने देवनागरी डोमेन घेतलं होतं, शेवटी डॉट भारत असलेलं. कॉन्फिगमध्येही ते देवनागरीतच लिहिलं. आदल्या रात्री कर्लने होस्ट हेडर हाताने देऊन तपासलं, फराळच उघडला. उघडणारच. दोन्हीकडे मीच तीच अक्षरं टाकली होती. खरा ब्राउझर मात्र देवनागरी पाठवत नाही. तो आधी नावाचा प्युनीकोड करतो. 'भारत'चं 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' होतं. फोनवर मराठी दिसतं, तारेवरून हे जातं. वॉचमनच्या वहीत मराठी नाव होतं आणि येणारा माणूस भलतंच नाव सांगत होता.

दादरला उतरून बाकावर लॅपटॉप उघडला. प्युनीकोडचं नाव टाकलं. अनोळखी नावांसाठी वेगळा डिफॉल्ट ब्लॉक केला, त्यात ४४४, म्हणजे काहीच उत्तर न देता कनेक्शन बंद. दहा मिनिटांचं काम. ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

आता खरी लाज वाटण्याची गोष्ट. यादीला लॉगिनच नव्हतं. पत्ता फक्त सोसायटीवाल्यांना माहीत आहे, मग कोण बघणार, असं मी धरून चाललो होतो. एंजिनएक्सने दार चुकवलं, पण कुलूप मी लावलं नव्हतं. लॉगिन रात्री जागून बसवलं.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. आईने डबा दिला होता, तो हातात तसाच. जे झालं ते सगळं सांगितलं, प्युनीकोड सोडून. ते थोडा वेळ टीव्हीकडेच बघत राहिले.

"लोकांनी बघितलं ते बघितलं," ते म्हणाले. "पण आकडा तरी बरोबर लिही, बाळा. सात नाही, पाच महिने. दोन मी रोख भरलेत."

आत जाऊन पावत्या घेऊन आले. मी तिथेच फोनवर एंट्री दुरुस्त करायला घेतली, तर माझ्याच नव्या लॉगिनचा पासवर्ड आठवेना.