तासकाट्याची जागा

पडद्यावरचं घड्याळ खरं की खोटं, हे तासकाटा सांगतो. साडेचार वाजलेले दाखवायचे असले की मिनिटकाटा सहावर नेऊन बरेचजण थांबतात. पण तासकाटा चारवरच राहिला असेल, तर ते घड्याळ कुठलीच वेळ दाखवत नसतं. साडेचारला तो चार आणि पाचच्या बरोबर मधोमध, १३५ अंशांवर हवा. प्रेक्षक काही कोन मोजायला बसत नाही. पण भिंतीवरची घड्याळं बघत वाढलेली त्याची नजर तिथे अडखळते, आणि निवेदनातलं एखादं वाक्य त्याच्या कानावरून निसटून जातं. मोशन ग्राफिक्समध्ये घड्याळ करायचं काम माझ्या आवडीचं आहे, ते यासाठीच. त्यात सजावटीच्या आधी हिशेब चोख करावा लागतो.

मुंबईच्या जुन्या वेळेवरच्या एका छोट्या माहितीपटासाठी असंच एक घड्याळ मला करायचं होतं. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्थानिक वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे शहरातल्या घड्याळांनी ३९ मिनिटं पुढे सरकावं, अशी अपेक्षा होती. दोन वेळांचा हिशेब ठेवणं मुंबईकरांना नवीन नव्हतं. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची, मुंबईच्या अर्धा तास पुढे. आता मात्र शहराला आपली वेळच सोडायला सांगितलं जात होतं. गिरणी कामगाराच्या दृष्टीने तर सूर्य होता तिथेच होता, भोंगा तेवढा ३९ मिनिटं अलीकडे येणार होता. त्याच जानेवारीत गिरण्यांमधून या बदलाला विरोध झाला. शहरातल्या काही व्यवहारांत मुंबई वेळ थेट १९५५ पर्यंत टिकून राहिली. दिग्दर्शकाला एकाच तबकडीवर दोन्ही वेळा हव्या होत्या.

मी आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तबकडी, काटे आणि मधली टोपी असं सगळं वेगवेगळ्या लेयरवर ठेवते. जुन्या घड्याळाचा काटा खिळ्यापाशी संपत नाही, त्याची छोटी शेपूट पलीकडे जाते. पण काट्याचा लेयर आणला की त्याचा अँकर पॉइंट, म्हणजे तो ज्याभोवती फिरतो तो बिंदू, लेयरच्या मध्यावर असतो, खिळ्याच्या जागी नसतो. तो उचलून नेमका खिळ्यावर ठेवायचा आणि काट्याची पोझिशन तबकडीच्या केंद्राशी आकड्यांनी जुळवायची, नजरेच्या अंदाजाने नाही. दोन-तीन पिक्सेलचा फरक स्थिर चित्रात कळत नाही. काटा फिरायला लागला की मात्र त्याचं टोक मिनिटांच्या रेघांना एका बाजूला शिवतं आणि दुसऱ्या बाजूला आखूड पडतं. टोक साऱ्या रेघांपासून सारख्या अंतराने फिरलं, की तबकडी आणि काटे एक वस्तू वाटू लागतात.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काट्यांना वेगवेगळे कीफ्रेम द्यायचे नाहीत. एका नल ऑब्जेक्टवर, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या लेयरवर, ‘मिनिटं’ नावाचा स्लायडर ठेवायचा आणि सगळ्या काट्यांनी त्याचंच ऐकायचं. मिनिटकाट्याच्या रोटेशनला स्लायडर गुणिले ६, तासकाट्याच्या रोटेशनला स्लायडर भागिले २. एवढ्या दोन एक्स्प्रेशनमध्ये घड्याळाचा सगळा गिअर येतो. मिनिटकाट्याने पूर्ण फेरी मारली की तासकाटा आपोआप ३० अंश सरकतो. पुढे धावताना, मागे जाताना, थांबताना दोघांचं नातं तुटत नाही. प्रमाणवेळेच्या काट्यांसाठी मी ‘फरक’ नावाचा आणखी एक स्लायडर जोडला. तो शून्यावर असला की दोन्ही जोड्या एकमेकींवर बसतात, ३९ वर नेला की नवी वेळ जुनीतून बाहेर पडते.

सुरुवातीच्या शॉटमध्ये सेकंदकाटाही होता. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एका सेकंदाला एक टिक. काटा ६ अंश सलग सरकवला तर तो विजेवर चालल्यासारखा वाटतो. म्हणून तो दोन फ्रेममध्ये सरकवला, तिसऱ्या फ्रेमला अर्धा अंश पुढे जाऊ दिला आणि चौथ्याला जागेवर आणला. उरलेल्या २१ फ्रेम तो अगदी स्थिर. टिकची जान त्या स्थिरतेत असते. स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्थानकांवरच्या घड्याळांतही थांबण्याचं हे महत्त्व दिसतं. हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये ती तबकडी आखली, लाल सेकंदकाटा त्यानंतर आला. तो साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो आणि बारावर थांबून पुढच्या मिनिटाच्या इशाऱ्याची वाट पाहतो. त्या घड्याळाची ओळख त्या थांबण्याने झाली आहे.

माहितीपटात पुढे वर्षं सरतात, तिथे काटे वेगाने फिरवायचे होते. वेग ठेवला सेकंदाला एक तास. या वेगात सेकंदकाट्याला एका सेकंदात ६० फेऱ्या माराव्या लागतात, म्हणजे दर फ्रेमला २.४ फेऱ्या. दोन पूर्ण फेऱ्या दिसतच नाहीत, उरतात १४४ अंश. मोशन ब्लर बंद ठेवून एकेक फ्रेम पुढे नेली, तर काटा तबकडीवरच्या पाचच जागांवर आलटून पालटून दिसतो, हात न उचलता काढलेल्या चांदणीच्या टोकांसारखा. गणित बरोबर आहे, पण वेळ पळत असल्याचा भास त्यातून होत नाही. त्या भागात सेकंदकाटा हळूहळू विरून जाऊ दिला. मिनिटकाट्याला मोशन ब्लर दिला. तासकाटा दर फ्रेमला जेमतेम १.२ अंश सरकत होता. दिवस जात असल्याचं त्याच्याकडे बघून कळत होतं.

मग आली ती ३९ मिनिटं. मुंबईत भर दुपारचे बारा, तेव्हा प्रमाणवेळेचे १२ वाजून ३९ मिनिटं. दोन मिनिटकाट्यांमध्ये २३४ अंश, जवळजवळ दोन तृतीयांश तबकडी. दोन तासकाट्यांमध्ये फक्त १९.५ अंश. नजर साहजिकच मोठ्या अंतराकडे धावते. पण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि आपला तासकाटा तिच्या दुप्पट, ३० अंश. १९.५ चे निम्मे ९.७५. मुंबई आहे साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आणि प्रमाणवेळेची रेघ मिर्झापूरजवळून जाते, ८२.५ अंशांवर. फरक ९.७ अंशांचा. एका अंशाला सूर्य ४ मिनिटं घेतो, त्या हिशेबाने हीच ३९ मिनिटं. मिर्झापूर ते मुंबई हे सगळं अंतर त्या दोन तासकाट्यांच्या मध्ये येऊन बसलं होतं. हे लक्षात आल्यावर मी दोन्ही मिनिटकाटे मंद केले आणि तासकाट्यांमधल्या जागेत उन्हाच्या रंगाची एक अरुंद पट्टी भरली.

नवे काटे जुन्यांपासून सुटताना त्यांची गती कशी ठेवायची, हा शेवटचा प्रश्न होता. ग्राफ एडिटरमध्ये दोन्ही टोकांना सारखा ईझ दिला तर हालचाल देखणी होते, पण ज्या शहराला ही वेळ नको होती, त्याला ती शोभत नाही. म्हणून वक्राची सुरुवात लांबवली. काटे जागेवरून हलायला कुरकुरतात, मग एकसारखे सरकतात आणि ३९ वर न हिंदकळता बसतात. संकलनात निवेदनाचं वाक्य लांबलं तेव्हा ‘फरक’चे दोन कीफ्रेम पुढे ओढले आणि काम झालं. मधल्या कुठल्याही फ्रेमवर थांबवा, चारही काटे आपल्या जागी.

असं घड्याळ पडद्यावर थोडाच वेळ असतं आणि त्याकडे कुणी निरखून पाहावं, अशी माझी इच्छाही नसते. पाहणाऱ्याने विचार करावा तो ३९ मिनिटं आधी उठून गिरणीची वाट धरणाऱ्या माणसाचा. तो विचार मध्येच तुटू नये, एवढ्यासाठी अंशांचा विचार आपण आधी पुरता करून ठेवायचा. माझ्या लेखी ग्राफिक्स करणाऱ्याचं काम हेच आहे.