जुन्या गाडीचे लायनर



आम्ही बेसा येथील काही जणांनी मिळून एक जुनी ॲम्बॅसेडर ठेवली आहे. वस्तीतील म्हाताऱ्या उपासक-उपासिकांना दीक्षाभूमीवर नेण्या-आणण्याच्या कामी ती येते. ही गाडी २०१४ साली बनायची बंद झाली, पण सुटे भाग मिळतात. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. म्हणजे पॅड नव्हे, शू आणि त्यावर लायनर.

लायनर झिजले. मिस्त्रीने दोन प्रकार दाखविले : ॲस्बेस्टॉसचे स्वस्त, बिनॲस्बेस्टॉसचे महाग. "कायले जास्तीचा खर्च, भाऊ?" आमच्यातलेच एक बोलले.

आम्ही मात्र अडून बसलो. ड्रम उघडला की गॅरेजातला पोरगा आतली धूळ फुंकून उडवतो. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुफ्फुसात रुततात आणि कर्करोग कित्येक वर्षांनी उघडकीस येतो. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली. गॅरेजात हात काळे करणारी पोरे कोणाची? आपलीच ना! बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, हे आपण भाषणातच सांगायचे काय?

वर्गणी वाढवली. एकाच चाकाचे लायनर बदलले तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते, म्हणून जोडीने बदलले. व्हील सिलिंडर गळत होता तोही बदलला. लायनरला तेल लागले की पकड जाते. जुनी धूळ फुंकू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली. पोरगा हसत होता. अशोक विजयादशमीपूर्वी गाडी रिकामी चालवून पाहायची आहे.