पुढचा भाग
पानिपत, १४ जानेवारी

पानिपतच्या लढाईच्या काला अंब इथल्या स्मारकापाशी आज जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवत राहिली. तिच्यात त्या लढाईत विश्वासरावांना गोळी नुसती चाटून जाते, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या वेगळ्याच भारतात जाऊन पोचतात. यावर पाच कादंबऱ्यांची मालिका सहज उभी राहिली असती. पण मला ती नको आहे. पहिल्या पुस्तकात जग उघडतं. पुढच्या पुस्तकांत त्या जगाचे नियम सांभाळावे लागतात आणि विस्मय आटत जातो. ‘ड्यून’ या कादंबरीमालिकेचे पुढचे भाग वाचताना मी अशीच थकत गेले.

तरी ही घसरण अटळ आहे, असं मी मानत नाही. असिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ त्रयी १९५३ मध्ये पुरी झाली आणि चौथं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यात त्यांनी आपल्याच जुन्या योजनेवर शंका घेतली. त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

इतिहासातही असा पुढचा भाग घडला: पानिपतातून वाचलेले महादजी शिंदे दहा वर्षांत पुन्हा दिल्लीत आले आणि परागंदा बादशहा शहाआलमला तख्तावर बसवून त्यांनी नवं राजकारण मांडलं. पुढच्या भागाला असा स्वतःचा हेतू हवा. तो असेल, तर दहावा भागही मी आनंदाने वाचेन.