घरच्या कचेरीचा संगणक

२०२५ च्या दिवाळीनंतर आमचा जुना संगणक कायमचा मिटला. २००८ साली, मी नोकरीत असतानाच घेतलेला. सतरा वर्षं चालला, म्हणजे त्याच्या जातीत शंभरी गाठल्यासारखंच की! मधे दोनदा सेल बदलला, एकदा पॉवर सप्लाय बदलला, आणि दर दिवाळीला घराबरोबर त्याचीही धूळ झाडली. त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. पण प्रश्न मात्र उभा राहिला. त्र्याहत्तराव्या वर्षी नवा संगणक घ्यायचा का? आणि घ्यायचा तर कोणता?

घरात लगेच तीन पक्ष पडले. पुण्याचे चिरंजीव म्हणाले, "नाना, लॅपटॉप घ्या. कुठंही बसून काम करता येतं." नातवाचं म्हणणं, मोबाईलवर सगळं होतं, आजोबा उगाच पैसे घालवतायत. आणि आमच्या सौ. म्हणाल्या, "जे घ्यायचं ते घ्या, पण रोज दहाला माझ्या ओसरीवर जी गर्दी होते, तिची सोय होईल असं घ्या." तिघांमध्ये खरा मुद्दा सौ.नीच मांडला, हे मला नंतर उमगलं.

गर्दी म्हणजे काय, ते आधी सांगतो. वैजापुरात निवृत्त शिक्षक पुष्कळ. त्यांचे नि त्यांच्या मागे राहिलेल्यांचे कागद काही संपत नाहीत. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. कुणाच्या वेतननिश्चितीचा फरक राहिलेला. कुणाचं वैद्यकीय बिल. कुणी वारलं की कुटुंब निवृत्तिवेतन. सकाळी दहा ते बारा मी असे अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. हीच माझी घरची कचेरी. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट.

आता मुद्द्याकडे येतो. नोकरीत असताना आम्ही पाठाचं टाचण काढायचो. काय शिकवायचं ते आधी, मग साधनं कोणती ती. संगणक घेतानाही हेच करावं असं माझं मत आहे. लोक आधी दुकानात जातात आणि मग दुकानदार सांगेल ते त्यांचं काम होऊन बसतं! मी वहीत लिहिलं: १) मराठी टंकलेखन, २) छपाई, तीही मोठ्या म्हणजे लीगल कागदावर, ३) जुने दाखले स्कॅन करणं, ४) सरकारी संकेतस्थळं उघडणं, ५) जुन्या सगळ्या फायली जपणं, आणि ६) समोर बसलेल्या माणसाला दिसणं. यात खेळ नाही, सिनेमा नाही, फिरतीचं काम नाही. एवढं लिहिल्यावर निम्मं दुकान आपोआप बाद झालं.

मोबाईल का नको? अर्ज मोबाईलवर भरता येतो, खरं आहे. पण सेवापुस्तकाचं पान, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावातला फरक शोधायचा म्हटलं की तळहाताएवढ्या काचेवर ते जमत नाही. लॅपटॉप का नको? त्याचा पडदा एका माणसापुरता असतो. शेजारच्याला मान वाकडी करावी लागते. शिवाय कीबोर्ड आणि पडदा एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक सोयीच्या उंचीवर आणला की दुसरा गैरसोयीचा होतो. आणि एक पार्ट बिघडला की सगळंच दुरुस्तीला. डेस्कटॉपचं तसं नाही. माऊस गेला, माऊस बदला. पडदा गेला, पडदा बदला. खेड्यातल्या जुन्या वाड्यासारखं आहे ते, एक खण पडला तरी बाकी घर नांदतं.

आता आतला मामला. जुना संगणक घ्यावा असंही एकदा मनात आलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले संगणक झाडूनपुसून स्वस्तात मिळतात. पण इथे एक मेख आहे, ती समवयस्कांनी लक्षात ठेवावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ रीतसर चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. पिढी ओळखायची युक्ती सोपी. आय-फाईव्हच्या पुढे चार आकडे असतील तर पहिला आकडा म्हणजे पिढी. ६५०० म्हणजे सहावी, ८४०० म्हणजे आठवी. बाजारात सहाव्या-सातव्या पिढीचे फार स्वस्त दिसू लागले, त्याचं कारण हे. ज्यांना फक्त टंकलेखन करायचंय त्यांनी असा संगणक घेऊन त्यावर लिनक्स घातलं तरी चालेल. आपल्या सी-डॅकचं 'बॉस' लिनक्स २००७ पासून आहे. लिब्रेऑफिसही फुकट मिळतं आणि त्याचे मेनू मराठीतून दिसतात. मला मात्र बँकांची नि सरकारी सगळी कामं एकाच ठिकाणी हवी होती, म्हणून विंडोज घेतलं.

मेमरी आठ जीबीची पुरते, सोळा असली तर निवांत. पण इथे गंमत झाली. मेमरीचा भाव ऐकून मी चाटच पडलो. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, महिन्याभरात वाढलाय." चौकशी केली तर कारण थेट सातासमुद्रापार! कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहतायत. मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांचा माल तिकडे वळला आणि २०२५ च्या अखेरीस घरगुती संगणकाच्या मेमरीचे दर चढले. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीहून कांद्याची निर्यातबंदी झाली आणि आमच्या बाजारात भाव कोसळले होते. ती मे २०२४ मध्ये उठली. भाव आपल्या दारात ठरत नाही, झळ मात्र आपल्या दारात येते.... म्हणून मी आठ जीबीच घेतली, पण दुसरी बसवायला जागा मोकळी आहे ना, एवढं पाहून घेतलं.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नका. साठवणीसाठी फिरती हार्ड डिस्क नको, एसएसडीच घ्या. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून सुई सरकत माहिती शोधते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळं चिपमध्ये. जुना संगणक सुरू करून मी अंघोळीला जायचो. नवा, चष्मा लावेपर्यंत तयार असतो.

पडदा चोवीस इंची घेतला. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्यात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी असं सांगतात, पण दुहेरी काचेचा चष्मा असेल तर ती आणखी जरा खाली ठेवा. नाहीतर खालच्या काचेतून वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळी मान धरते. अक्षरं दीडपट मोठी करून ठेवली आहेत.

वीज हा आपल्याकडचा वेगळाच अध्याय. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधा इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर घेतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो. सहाशे व्हीएचा छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. तेवढ्यात अर्ज सेव्ह करून संगणक नीट बंद करता येतो. प्रिंटरचा विचारही असाच. रोज शंभर पानं निघत असतील तर शाईच्या टाकीचा बरा. माझ्यासारखी आठवड्याला वीस-पंचवीस असतील तर लेझर घ्यावा, त्याची पावडर असते, वाळत नाही.

घ्यायचा कुठून? संभाजीनगर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. तिथे निवड भरपूर. पण बिघाड झाला की एसटीत डबा घेऊन कोण जाणार? मी वैजापुरातच जोडून घेतला. जोडणारा मुलगा तीन गल्ल्या पलीकडे राहतो. प्रत्येक भागाचं वेगळं बिल आणि हमीचा कागद मागून घेतला. पडदा, यूपीएससह पंचेचाळीस हजारांच्या आसपास गेले. जो दुरुस्त करणार त्याच्याकडूनच घ्यावं, हा आमच्या वडिलांचा बैलगाडीच्या चाकाबाबतचा नियम. तो इथेही लागू पडला.

आता मराठीबद्दल. माझा जीव खरा तिथेच गुंतलेला. सतरा वर्षांचे अर्ज, टिपणं, तालुक्यातल्या जुन्या शब्दांची माझी वही, सगळं जुन्या पद्धतीच्या मराठी फॉंटात होतं. त्या काळचे बहुतेक फॉंट म्हणजे वेशांतर. आत इंग्रजीचे संकेत, वर देवनागरीचा अंगरखा. फॉंट काढला की अंगरखा गेला, आणि 'महाराष्ट्र' च्या जागी नुसता कचरा! युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा ०९१५. तो जगातल्या कुठल्याही संगणकावर तोच. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. जुन्या संगणकाची डिस्क काढून चार-पाचशे रुपयांच्या डबीत घातली, नव्याला जोडली, आणि रूपांतराच्या सोयीने एकेक फाईल युनिकोडमध्ये आणतोय. अर्धा र आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. रोज पाच फायली. वही तपासायची सवय आहेच!

कळफलक इन्स्क्रिप्टच ठेवलाय. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात तो आहे. व्याकरण शिकवलेल्या माणसाला तो पाहून आनंद होतो. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. अल्पप्राण साधी कळ दाबून, महाप्राण त्याच कळीवर शिफ्ट धरून. क-ख एका कळीवर, ग-घ एका कळीवर, प-फ, ब-भ तसेच. वर्णमालाच हाताखाली मांडून ठेवल्यासारखी! याच्या मागे आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्टचं काम आहे. आणि विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण ज्या 'मंगल' फॉंटात वाचत आलो, तो आपल्या र. कृ. जोशींचा. सुलेखनकार आणि कवी. २००८ साली गेले. रोज त्यांच्या अक्षरात लिहिणाऱ्या कित्येकांना त्यांचं नावही ठाऊक नसतं.

आता सहावा मुद्दा. समोरच्याला दिसणं. नव्या संगणकावर पहिलं मोठं काम आलं ते आमच्या शाळेतल्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचं. मी त्यांना वहिनी म्हणतो. कुटुंब निवृत्तिवेतन काही महिन्यांपासून अडकलेलं. नाव एका कागदावर एक, आधारवर दुसरं. भावकीतल्या कुणीतरी आधीचे दोन अर्ज बाहेरून टाईप करून आणले होते, यांनी फक्त अंगठ्याऐवजी सही केलेली. शिक्षण चौथीपर्यंत. मी खुर्ची शेजारी ओढली, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि आधीचा अर्ज मोठा करून दाखवला. त्या बोट ठेवून ठेवून वाचू लागल्या. दुसऱ्या परिच्छेदाशी थांबल्या.

"सर, हे माहेरचं नाव घातलंय. लग्नानंतर यांनी शाळेत दुसरं लावलं व्हतं."

त्या मूळ नावाचा एक जुना कागद त्यांच्या ट्रंकेत होता. कुणी कधी विचारलंच नव्हतं. तो आणला, स्कॅन केला, प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यांच्यासमोर केला. प्रत्येक ओळ त्यांनी वाचली, दोन ठिकाणी बदल सांगितले. सही करताना म्हणाल्या, "इतके कागद केले सर, पण माझ्या नावाचा कागद मी आज पहिल्यांदा वाचला."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? माणसाचा अर्ज त्याच्या पाठीमागे लिहिला जातो, आणि मग आपण म्हणतो की त्याला कळत नाही. चोवीस इंची पडद्याचे जास्तीचे दोन-तीन हजार मी डोळ्यांसाठी म्हणून खर्च केले होते. त्यांचा खरा उपयोग हा निघाला.

कागद संबंधित कार्यालयात पोचलेत. अजून उत्तर नाही. वाट पाहतोय.

असो. लांबलं जरा. थोडक्यात सांगायचं तर मंडळी, घरच्या कामासाठी संगणक घ्यायला निघालात तर आधी वहीत कामं लिहा. एसएसडी, मोठा पडदा, छोटा यूपीएस आणि युनिकोड मराठी यात तडजोड नको, बाकी कुवतीप्रमाणे. आणि टेबलाशी खुर्च्या मात्र दोन ठेवा.