सरतपास

बलात्काराच्या खटल्यात सरकारी वकिलाचं कसब युक्तिवादात दिसतं, असा समज आहे. माझ्या मते ते सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना लागतं, आणि तिथे वकिलाला बोलायची मुभाच थोडी. सूचक प्रश्न चालत नाहीत. ‘त्याने हात धरला का?’ म्हटलं की बचावाचा वकील उठलाच. उरतं ते ‘पुढे काय झालं?’ आणि मग गप्प बसणं. सुनावणी इन कॅमेरा असली तरी ते गप्प बसणं जड जातं.

पीडिता तिच्या बोलीत सांगते. जबाब महिला अधिकाऱ्याने लिहिलेला असला तरी ठाण्याच्या साच्यातलाच: ‘सदर इसमाने माझे इच्छेविरुद्ध...’ ऊस तोडणारी मुलगी असं बोलेल? कोर्टात ती म्हणते, त्याने आतून कडी घातली. जबाबात कडी नाही. झालं ओमिशन! उलटतपास त्या कडीवरच रेंगाळतो, आणि ज्याने विचारायला हवं होतं त्या तपास अधिकाऱ्याची एव्हाना बदली झालेली.

कायदा पुष्कळ बदलला. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या 1972 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत याला वजन देऊन पोलिसांना सोडलं. त्या संतापातून 1983 ची दुरुस्ती आली. साक्ष विश्वासार्ह असेल तर दुजोरा शोधू नका, हे 1996 मध्ये गुरमीत सिंग खटल्यात सांगितलं गेलं. दोन बोटांची चाचणी 2013 मध्ये नाकारली, तरी 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

शिक्षेचं मात्र वेगळंच. पूर्वी ‘विशेष कारणं’ नोंदवून किमान शिक्षेहून कमी देता येई. आरोपीचं वय, लग्न, म्हातारे आईवडील पुढे केले जात. 2013 मध्ये ती वाट बंद झाली, 2018 मध्ये किमान सात वर्षांची दहा झाली. ती दया संपली असं मला वाटत नाही. ती आता संशयाच्या फायद्यात शिरते. दहा वर्षं द्यायचीच असतील तर कडी जास्त बारकाईने पाहिली जाते. हे सिद्ध करता येणार नाही. निकालपत्रात कोण लिहील?

म्हणून साक्षीआधी मी तिला जबाब वाचून दाखवते आणि राहिलेलं काय ते विचारते. पढवत नाही, तो आरोप तर ठरलेलाच असतो. राहिलेलं मीच सरतपासात काढते: ‘हे पोलिसांना सांगितलं होतंस?’

‘सांगितलं होतं मॅडम. लिहिलं का नाही, ते त्यांनाच विचारा.’

हे उत्तर उलटतपासाच्या आधी नोंदवलं गेलेलं बरं.